जोखमीचा आकडा आणि रायगडचा किनारा

२०२५ च्या मध्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘क्लॅरिटी ब्रेस्ट’ या संगणकप्रणालीला परवानगी दिली. बाईचा नेहमीचा मॅमोग्राम तिला दाखवला की पुढच्या पाच वर्षांत त्या बाईला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता किती, ते ती सांगते. घरात कोणाला होता का, पाळी कधी सुरू झाली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, यातलं काही विचारावं लागत नाही. नुसत्या मॅमोग्रामवरून असं भाकीत करणाऱ्या प्रणालीला तिथे मिळालेली ही पहिली परवानगी.

या तंत्राचा आढावा मी रायगडच्या किनाऱ्यावरून घेणार आहे. टाटा मेमोरियलचं मोठं उपचार व संशोधन केंद्र, ‘ॲक्ट्रेक’, खारघरला आहे, म्हणजे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यातच. त्याच जिल्ह्यात मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या वाड्यावस्त्यांतल्या बहुतेक बायकांनी मॅमोग्रामचं यंत्र डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. तंत्राचं खरं मोल जोखायला यापेक्षा योग्य जागा मला दिसत नाही. माझं मत आधीच सांगतो: हे तंत्र खरं आहे आणि कामाचं आहे. पण इथल्या बायकांचे मॅमोग्राम आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत त्यांचं काय झालं याची नोंद एकमेकांना जोडलेली नसेल, तर यंत्राने दिलेला आकडा इथल्या बाईचा नसतो. तो दुसऱ्याच कुठल्या देशातल्या बाईचा असतो.

या विषयावरच्या बातम्यांत दोन कामांची कायम सरमिसळ होते. पहिलं काम शोधण्याचं: आज या चित्रात कॅन्सर आहे का? दुसरं भाकिताचं: आज काहीच दिसत नाही, पण पुढे होईल का? पहिल्या कामात यंत्र रेडिओलॉजिस्टचा मदतनीस असतं. दुसऱ्यात ते अशी गोष्ट सांगतं जी चित्र पाहून रेडिओलॉजिस्टलाही सांगता येत नाही. दोन्ही कामांचे पुरावे वेगळे आणि धोकेही वेगळे.

शोधण्याच्या कामाचा पुरावा आता भक्कम आहे. स्वीडनमधल्या ‘मासाई’ चाचणीत ८० हजारांहून अधिक बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. चाचणीच्या एका गटात आधी यंत्राने प्रत्येक चित्राला एक ते दहा असा गुण दिला. दहा गुण मिळालेली चित्रं दोघांनी वाचली, बाकीची एकानेच. २०२३ साली आलेल्या निकालात हजारी ६.१ कॅन्सर यंत्राच्या गटात सापडले आणि नेहमीच्या पद्धतीत ५.१, वाचनाचं काम मात्र ४४ टक्क्यांनी घटलं. जर्मनीतल्या ‘प्रेम’ या पाहणीत चार लाख ६३ हजार बायका होत्या. ती चिठ्ठ्यांची चाचणी नव्हती, रोजच्या तपासणीतली नोंद होती. तिथेही यंत्राच्या मदतीने सुमारे १८ टक्के जास्त कॅन्सर सापडले.

यामागचा एक कडू धडाही विसरता कामा नये. संगणकाने मॅमोग्राम वाचण्याची ही पहिली लाट नाही. १९९८ साली अमेरिकेत अशाच मदतनीस प्रणालीला परवानगी मिळाली. पुढे सरकारी विमा तिच्यासाठी जादा पैसे देऊ लागला आणि दहा-पंधरा वर्षांत तिथले बहुतेक मॅमोग्राम तिच्या नजरेखालून जाऊ लागले. २०१५ साली सव्वातीन लाख बायकांच्या तपासण्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्या प्रणालीने वाचनात कसलीच सुधारणा केली नव्हती असं दिसलं. त्या अभ्यासाच्या पहिल्या लेखिका कॉनी लेमन. आज ‘क्लॅरिटी’च्या मागे त्याच आहेत. जुन्या यंत्राचं अपयश ज्यांनी स्वतः मोजलं, त्यांनी नव्या यंत्रावर काम करावं ही मला आश्वासक गोष्ट वाटते. पण धडा तोच राहतो: आधी मोजावं, मग पैसे द्यावेत.

आता भाकिताकडे. स्तनाच्या चित्रावरून भविष्य वाचण्याची कल्पना जुनी आहे. १९७६ साली डेट्रॉइटचे रेडिओलॉजिस्ट जॉन वुल्फ यांनी मांडलं की चित्रात पांढरट, दाट भाग जास्त असलेल्या बायकांना कॅन्सर जास्त होतो. नंतरच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं: सर्वांत दाट स्तनांच्या बायकांची जोखीम सर्वांत कमी दाट असलेल्यांच्या चार-पाच पट. दाटपणाची दुहेरी अडचण अशी की तो जोखीमही वाढवतो आणि गाठही झाकतो, कारण गाठही पांढरी आणि दाट ऊतीही पांढरी. १९८९ साली गेल मॉडेल आलं. त्यात वय, पाळी, पहिलं बाळंतपण, आधीच्या बायोप्सी, आई-बहिणींचा आजार यांवरून हिशेब होतो. एका अख्ख्या गटात किती जणींना आजार होईल हे ते बऱ्यापैकी सांगतं. कोणाला होईल हे सांगताना ते चाचपडतं. त्याच्या अमेरिकी आवृत्तीत आशियाई वंशाच्या बायकांसाठी जे आकडे घातले, ते मुख्यतः चिनी, जपानी, फिलिपिनो वगैरे गटांतून आले. भारतीय बायकांचा वेगळा आधार त्यात नाही.

‘मिराई’ हे यातलं सर्वांत जास्त तपासलं गेलेलं मॉडेल. ते एमआयटीतल्या ॲडम याला आणि रेजिना बार्झिले यांनी लेमन यांच्यासोबत घडवलं. बार्झिले संगणकशास्त्रज्ञ. २०१४ साली त्यांना स्वतःलाच स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि त्यानंतर त्या या कामाकडे वळल्या. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या दोन लाखांहून अधिक तपासण्यांवर ‘मिराई’ शिकलं.

ते काम कसं करतं हे जरा जवळून पाहू, कारण आपल्याकडच्या अडचणी त्या रचनेतच दडलेल्या आहेत. मॅमोग्राम म्हणजे चार चित्रं: प्रत्येक स्तनाचं एक वरून आणि एक तिरपं, काखेपर्यंतचं. तंत्रज्ञ बाई स्तन दोन पट्ट्यांत काही सेकंद दाबून धरते. दाब नीट बसला नाही किंवा काखेकडचा भाग सुटला तर चित्र अर्धवट येतं. ‘मिराई’ ही चारही चित्रं आधी वेगवेगळी पाहतं, मग एकत्र ताडतं. बाईच्या वयाची, बाळंतपणांची माहिती मिळाली तर वापरतं. न मिळाल्यास तीही चित्रावरूनच अंदाजतं. शेवटी ते एक नव्हे, पाच आकडे देतं: एका वर्षाची जोखीम, दोन वर्षांची, अशी पाचापर्यंत. रचनाच अशी की पुढच्या वर्षाचा आकडा मागच्यापेक्षा कमी येऊच शकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काढलेल्या चित्रांत फरक असतो. तो फरक मनावर घेऊ नये असंही त्याला मुद्दाम शिकवलेलं आहे.

यंत्र नेमकं काय पाहतं, याचं उत्तर त्याचे निर्मातेही पूर्ण देऊ शकत नव्हते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०२४ साली त्यावर थोडा उजेड टाकला. त्यांनी ‘मिराई’चीच एक साधी आवृत्ती बनवली, जी फक्त डाव्या आणि उजव्या स्तनातला फरक पाहते. एवढ्यावरही ती मूळ मॉडेलच्या जवळपास पोचली. म्हणजे यंत्राच्या भाकितातला मोठा वाटा कुठल्या तरी सूक्ष्म असमानतेचा आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या डॉक्टरला बाईसमोर बसून ‘तुमची जोखीम जास्त आहे’ असं सांगायचं आहे, त्याला ‘कशावरून’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवं. गावातल्या बाईचा पहिला प्रश्न तोच असतो.

‘मिराई’ची परीक्षा पुढे पाच देशांतल्या सात रुग्णालयांत झाली: अमेरिका, स्वीडन, तैवान, ब्राझील आणि इस्रायल, ६२ हजार बायकांचे १ लाख २८ हजार मॅमोग्राम. गुण ०.७५ ते ०.८४ दरम्यान आले. हा गुण काय सांगतो? दोन बायका घ्या, एकीला आधी कॅन्सर झाला आणि दुसरीला झाला नाही किंवा उशिरा झाला. अशा शंभर जोड्यांपैकी पंचाहत्तर ते चौऱ्याऐंशी जोड्यांत यंत्राने पहिलीला जास्त जोखमीची ठरवलं. नुसती नाणेफेक केली असती तर पन्नास जोड्या बरोबर आल्या असत्या. इतक्या वेगवेगळ्या देशांत क्रम लावण्याची ही हातोटी टिकून राहिली, हे खरोखर मोठं यश आहे. पण त्या पाच देशांत भारत नाही.

क्रम बरोबर लावणं आणि आकडा बरोबर सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रायगडचा सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. अमेरिकेत गेल मॉडेलची पाच वर्षांची जोखीम १.६७ टक्के किंवा जास्त आली तर ती बाई ‘जास्त जोखमीची’ समजतात. मग तिला औषध द्यायचं का याची चर्चा सुरू होते. ही रेषा त्या देशातल्या कॅन्सरच्या प्रमाणावर आखलेली आहे. भारतात ते प्रमाण बरंच कमी आहे आणि भारतातही ते सारखं नाही. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी १९६३ पासून मुंबईत सुरू आहे आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ पासून बार्शीत. मुंबईत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण बार्शीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं या नोंदण्या वर्षानुवर्षं दाखवत आल्या आहेत. उशिरा लग्न, कमी मुलं, अंगावर पाजण्याचे कमी महिने, वाढतं वजन, अशी त्याची कारणं दिली जातात.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे या नजरेने बघा. पनवेल-उरणचा पट्टा सिडको आणि न्हावा-शेवा बंदरानंतर शहर होऊन गेला. तिथून दक्षिणेला म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत गावांचं राहणीमान अजून वेगळं आहे. एकाच जिल्ह्यात मुंबईच्या जवळ जाणारं प्रमाण आणि बार्शीच्या जवळ जाणारं प्रमाण शेजारी शेजारी नांदत असणार. धरून चाला की एखाद्या ठिकाणी आजाराचं मूळ प्रमाण बोस्टनच्या तिसऱ्या हिश्शाएवढं आहे. मग बोस्टनच्या हिशेबाने तीन टक्के जोखीम दाखवलेल्या बाईची खरी जोखीम एक टक्क्याच्या आसपास निघेल. ती रांगेत पुढे आहे हे यंत्राचं म्हणणं खरं असेल, पण तीन टक्के हा आकडा तिचा नाही. त्या आकड्यावर तिने गोळ्या घ्यायच्या, दरवर्षी एमआरआय करायचा, की रात्र रात्र जागून काढायची?

आकडा दुरुस्त करणं अवघड गणित नाही. त्यासाठी इथल्या बायकांची आधीची चित्रं आणि पुढची पाच वर्षं लागतात. आपल्याकडे नेमकं तेच नाही.

वय आणि आजाराची जात या आणखी दोन गोष्टी यंत्राच्या शिक्षणाशी जुळत नाहीत. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होताना दिसतो. कमी वयात स्तन दाट असतात आणि चित्र धूसर. शिवाय आपल्याकडच्या रुग्णांत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार पाश्चात्त्य देशांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात आढळतो. या प्रकाराची गाठ भराभर वाढते, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवते, आणि मॅमोग्राममध्ये कधी कधी साध्या, गुळगुळीत गाठीसारखी दिसते. ज्या देशांतल्या चित्रांवर यंत्र शिकलं तिथे संथ वाढणारे, हार्मोनला प्रतिसाद देणारे कॅन्सर जास्त. शिकताना जे थोडंच पाहिलं ते ओळखायला यंत्र कमी पडू शकतं. आपल्याला मात्र नेमकं तेच ओळखायला हवं आहे.

आणखी एक शंका तज्ज्ञांनीच काढली आहे. पाच वर्षांच्या जोखमीतला पहिल्या वर्षाचा वाटा खरंच भाकीत आहे का? पहिल्या वर्षात निघालेले काही कॅन्सर त्या चित्रात आधीच होते, माणसाच्या नजरेतून सुटले होते. तेव्हा ‘जोखीम’ म्हणजे काही अंशी उशिरा कळलेलं निदान. बाईच्या दृष्टीने यात वाईट काही नाही, लवकर कळणं चांगलंच. स्टॉकहोममध्ये याचा उपयोग करून पाहिला गेला. मॅमोग्राम ‘काही नाही’ म्हणून परत केलेल्या बायकांतून यंत्राने सर्वाधिक जोखमीच्या निवडल्या आणि त्यांचा एमआरआय केला. ५५९ एमआरआयमध्ये ३६ कॅन्सर सापडले, म्हणजे पंधरा-सोळा जणींमागे एक. या अख्ख्या क्षेत्रात मला सर्वांत पटलेला पुरावा हाच आहे, कारण इथे आकडा हातात देऊन बाईला घरी पाठवलं नाही; त्याच्यामागे पुढची तपासणी लगेच उभी होती.

हे सगळं मॅमोग्राम झालेल्या बाईबद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी स्तनांची कधीतरी तपासणी झालेल्या बायका शंभरात एकही भरल्या नाहीत: ०.९ टक्के. त्यातही ही तपासणी म्हणजे मॅमोग्रामच असं नाही. हाताने केलेलीही त्यात आली. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि ९८ हजार दगावल्या. दर दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, असं हे प्रमाण. उशिरा येणं हे त्यामागचं मोठं कारण.

उशीर कसा होतो हे अलिबागच्या, बोडणीच्या, मुरूडच्या कोळीवाड्यात कुठल्याही आशाताईला विचारा. ‘गाठ हाय, पण दुखत नाय’ हे वाक्य त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या आहेत. दुखत नाही म्हणून दाखवलं नाही. आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. मग हंगाम असतो. होड्या समुद्रात असल्या की पहाटे बंदरावर माल घ्यायचा, दुपारपर्यंत बाजारात बसायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जरा सवड होते, पण त्याच महिन्यांत गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची बंद असतात आणि शेतावर लावणीही असते. श्रीवर्धनकडच्या बाईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं म्हणजे माणगावमार्गे पनवेल आणि पुढे मुंबई. मुरूडच्या बाईला अलिबागवरून फिरून जायचं. सोबत एक माणूस, त्याची रोजी बुडते. रो-रो फेरी पावसातही चालते आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूने उरणच्या बाजूची माणसं थेट शिवडीला उतरतात. शिवडीहून परळचं टाटा जवळच. उत्तरेकडच्या तालुक्यांचा प्रवास सोपा झाला. दक्षिणेकडच्यांचा फारसा झालेला नाही.

या किनाऱ्याशी नातं असलेल्या काही बायकांना मात्र मॅमोग्रामचं बोलावणं घरी येतं. नवगाव, रेवदंडा, पेण, अलिबाग इथून गेलेली बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं आज अश्दोद, लोद, रामले, दिमोना इथे राहतात. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या अजून मराठी बोलतात. इस्रायलमध्ये ठरावीक वयानंतर दर दोन वर्षांनी तपासणीला बोलावतात आणि निकाल आरोग्य निधीच्या संगणकात राहतो. ‘मिराई’ची परीक्षा झालेल्या सात ठिकाणांत इस्रायल आलं ते यामुळेच: तिथे चित्रं होती, आणि पुढे काय झालं याची नोंदही होती. एकाच गावच्या दोन घराण्यांतल्या बायका आज याच कारणाने वेगळ्या आहेत.

आपल्याकडे मॅमोग्रामशिवाय काय साधता येतं, याचं जगातलं एक उत्तम उत्तर मुंबईनेच दिलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका, वीस वस्त्यांच्या दोन गटांत वाटलेल्या. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने स्तनांची तपासणी केली. या सेविका दहावीच्या आसपास शिकलेल्या स्थानिक बायका होत्या. बोटांच्या पेरांनी, आधी हलक्या, मग मध्यम, मग खोल दाबाने, काखेपर्यंत कसं चाचपायचं हे त्यांना शिकवलं होतं. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले कॅन्सर ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी. एकूण सगळ्या वयांत मिळून घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही. आणि पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूत लक्षणीय घट दिसली नाही.

या निकालाचं मोल आपल्या राज्यात अजून पुरतं ओळखलं गेलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. ना वीज, ना क्ष-किरण. एका सेविकेचे दोन हात आणि दोन वर्षांनी परत येण्याची शिस्त. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांच्या स्तनांची तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. आशाताई घरोघरी भरतात त्या तपासणीसूचीत गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव, आकारातला बदल हे प्रश्न आहेत. कागदावर साखळी पूर्ण आहे: आशा, उपकेंद्र, समुदाय आरोग्य अधिकारी, जिल्हा रुग्णालय. ती तुटते संशयित बाई वरच्या पायरीवर पोचली का हे कोणी पाहत नाही तिथे.

मग या किनाऱ्यावर यंत्राला जागा कुठे? माझ्या मते पहिली जागा भाकिताची नाही, वाचनाची आहे. सेविकेला गाठ लागली आणि बाई अलिबागला किंवा पनवेलला मॅमोग्रामसाठी आली, की ते चित्र वाचायला स्तनाच्या चित्रांचा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट त्याच दिवशी मिळेलच असं नाही. यंत्राने ते चित्र रांगेत वर आणलं, खारघर किंवा परळच्या डॉक्टरकडे लगेच पाठवलं, आणि बाईला दुसऱ्यांदा यावं न लागता त्याच दिवशी सोनोग्राफी-बायोप्सीचा निर्णय झाला, तर आठवडे वाचतील. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयरोग शोधण्यासाठी हे आपल्याकडे होतंच आहे. मुंबईतच उभ्या राहिलेल्या ‘क्युअर डॉट एआय’सारख्या कंपन्यांची अशी प्रणाली वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा वाचनाला मान्यताही दिली. तिथे ते चाललं कारण पुढची पायरी, थुंकीची तपासणी आणि मोफत औषध, आधीपासून उभी होती. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मधली पायरी, म्हणजे वेळेवर बायोप्सी आणि तिचा अहवाल, हीच किनाऱ्यावर कच्ची आहे.

भाकिताचं दुकान मात्र लवकर उघडेल, आणि ते गरज असलेल्या बाईसमोर उघडणार नाही. ‘संपूर्ण तपासणी पॅकेज’मध्ये चाळिशीच्या निरोगी बाईला मॅमोग्राम आणि सोबत जोखमीचा टक्का, असं ते असेल. चाळिशीत दाट स्तन, धूसर चित्र, परदेशी मॉडेल, इथल्या प्रमाणाशी न जुळवलेला आकडा. त्यातून एकीला विनाकारण बायोप्सी आणि दुसरीला खोटा दिलासा मिळेल, आणि पुढे गाठ हाताला लागली तरी ‘मशीनने कमी सांगितलं होतं’ म्हणून ती थांबेल. मला जास्त भीती या दुसऱ्या बाईची आहे. आकडा कितीही कमी असो, हाताला लागणारी गाठ दाखवायलाच हवी. आणि ज्या घरात आई, मावशी, बहीण कमी वयात या आजाराने गेल्या, तिथे आधी जनुकीय सल्ला घ्यायला हवा. त्याची जागा चित्रावरचा आकडा घेत नाही.

मग इथला आकडा कधी आणि कसा तयार होईल? त्यासाठी पाच वर्षं नुसतं वाट पाहत बसण्याची गरज नाही. टाटा मेमोरियलच्या आणि मोठ्या रुग्णालयांच्या संगणकांत जुने मॅमोग्राम आहेत. मुंबईची कॅन्सर नोंदणी आहे. ज्या बाईचा सहा-सात वर्षांपूर्वीचा मॅमोग्राम साधा होता आणि जिला नंतर कॅन्सर झाला, तिचं जुनं चित्र बाहेर काढायचं. तिच्याच वयाच्या, कॅन्सर न झालेल्या बायकांच्या चित्रांशेजारी ठेवायचं आणि ‘मिराई’सारख्या मॉडेलसमोर मांडायचं. मॉडेलचा संगणकीय कोड संशोधकांसाठी खुला आहे. क्रम बरोबर लागतो का, ट्रिपल निगेटिव्ह सुटतात का, पन्नाशीच्या आत काय होतं, हे यातून कळेल. टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबई, एम्स दिल्ली आणि चंदीगडच्या संस्थेसोबत कॅन्सरच्या चित्रांची बँक उभी करायला घेतली आहे. तिची सुरुवात डोकं-मान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरपासून झाली. त्यात स्तनांची चित्रं यायला हवीत, आणि नुसत्या रुग्णांची नकोत, नंतरही निरोगी राहिलेल्या बायकांची चित्रंही हवीत. आजारी बायकांची चित्रं रुग्णालयात आपोआप गोळा होतात. निरोगी बायकांची मुद्दाम जपावी लागतात.

जिल्हा पातळीवरचं काम याहून साधं आहे आणि आज सुरू होऊ शकतं. छोट्या केंद्रावर मॅमोग्राम झाला की फिल्म पिशवीत घालून बाईच्या हातात देतात. ती फिल्म पावसाळ्यात पेटीत चिकटते किंवा घर बदलताना हरवते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबागमधल्या किती घरांचे पत्रे उडाले आणि कागदपत्रं भिजली ते या किनाऱ्याला माहीत आहे. संगणकातली मूळ चित्रंही जागा भरली की पुसली जातात. यंत्राला फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. त्याला चारही मूळ चित्रं लागतात. ती जपायची, बाईच्या आयुष्मान भारत खात्याशी तिच्या परवानगीने जोडायची, आणि पत्ता लिहिताना मुंबईत ज्यांच्याकडे ती उतरली त्या भावाचा लालबागचा पत्ता न लिहिता तिचं खरं गाव लिहायचं. नाहीतर म्हसळ्याचा आजार मुंबईच्या हिशेबात जातो आणि म्हसळ्याचं प्रमाण कायम कमी दिसत राहतं.

परवानगीची बाब यात सर्वांत नाजूक आहे. वैद्यकीय संशोधनातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आयसीएमआरने २०२३ साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्याच वर्षी वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. पण सही घेणारी असते आशाताई किंवा तंत्रज्ञ, आणि सही करणारी बाई घाईत असते. तिला तीन गोष्टी तिच्या भाषेत सांगायला हव्यात: तुझं चित्र कोण पाहणार, त्यातून कोणी पैसे कमावणार का, आणि यंत्राला तुझ्याबद्दल काही गंभीर दिसलं तर तुला कोण आणि कधी कळवणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं नसेल तर तिचं चित्र कोणत्याही मॉडेलला देऊ नये. आणि ते उत्तर ठरवायचं तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात एक फोन, त्या फोनमागे एक नेमलेली बाई, आणि तिच्या वहीत प्रत्येक संशयित नावापुढे ‘पोचली’ किंवा ‘पोचली नाही’ असा शेरा लागेल. ही नेमणूक कुठल्याही मॉडेलच्या परवान्यापेक्षा स्वस्त आहे आणि जिल्ह्याने ती आधी करावी.